तिसऱ्या पाण्याला

डोळे मिटा जरा. मिटलेत? आता अशी कल्पना करा, की तुम्ही सोलापुरात भवानी पेठेतल्या एका दोन खोल्यांच्या घरात बसला आहात. डोक्यावर पत्रे आहेत. मे महिना आहे, दुपारचे दोन वाजलेत आणि तापलेले पत्रे मधूनच 'टक्' असा आवाज करताहेत. भिंतीला पाठ टेकली तर भिंत गरम. फरशीवर आडवं झालं तर फरशी कोमट. माठातलं पाणी तेवढं गार आहे, पण ते गटागटा प्यायचं नाही, कारण नळाला पाणी उद्या यायचं नाही आणि परवाही यायचं नाही. बाहेर गल्लीत एक कुत्रं भिंतीच्या सावलीत पडलंय. सावली सरकली की तेही तेवढंच सरकतं. भुंकायचं त्यानं कधीच सोडून दिलंय.

आता कान द्या. गल्लीच्या टोकाला मागांच्या शेड आहेत, तिथून खटक-खटक, खटक-खटक असा आवाज येतोय. इथल्या लोकांना तो ऐकूसुद्धा येत नाही, इतकी सवय झालीय. घरातला दुसरा आवाज कूलरचा. आणि कूलरच्या पुढ्यात चटईवर कुणीतरी घोरतंय, तो तिसरा.

घोरताहेत ते आरोहीचे पप्पा, युवराज. त्यांची रात्रपाळी असते. रात्री आठपासून सकाळी आठपर्यंत टॉवेलचे चार माग ते एकटे चालवतात. माग म्हणजे कापड विणणारं यंत्र. त्यातला एक धागा तुटला तरी माग थांबतो. मग तुटलेलं टोक शोधायचं, अंगठ्यानं आणि बोटानं पीळ देऊन गाठ मारायची आणि माग पुन्हा चालू करायचा. तोवर पलीकडचा थांबलेला असतो. असं बारा तास. सकाळी पप्पा घरी येतात तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापसाचे बारीक पांढरे तंतू असतात. त्यामुळे ते एका रात्रीत म्हातारे होऊन आल्यासारखे दिसतात.

म्हणून त्या घरात एक नियम होता. पप्पा झोपले की भांडं आपटायचं नाही, दार ओढायचं नाही आणि काहीही झालं तरी त्यांना उठवायचं नाही. आई, म्हणजे अंकिता, घरी बसून टॉवेलच्या कडा शिवायची. तीसुद्धा तिची मशीन पुढच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत ओढून न्यायची. आज्जाला, म्हणजे पप्पांच्या वडलांना, खोकला आला तर ते उठून गल्लीत जायचे, तिथं खोकायचे आणि परत यायचे.

एवढं करूनही पप्पांची झोप काही पुरी व्हायची नाही. पत्र्याखाली त्रेचाळीस डिग्रीत कुणाची होणार? तासाभरानं ते घामानं भिजून उठायचे, पाणी प्यायचे, कूस बदलायचे. संध्याकाळी पाच वाजता उठून बसायचे तेव्हा त्यांचे डोळे सकाळइतकेच लाल असायचे.

आरोही दहा वर्षांची होती. त्या सुट्टीत तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. वज्रपंखी.

वज्रपंखी हा नवा सुपरहिरोचा पिक्चर. पोलादी पंखांची एक मुलगी. चौकात तिचं पोस्टर लागलं होतं आणि त्यात तिनं एक अख्खी एसटी एका हातावर तोलून धरली होती. ट्रेलर तर आरोहीनं आईच्या मोबाईलवर इतक्यांदा बघितला होता, की आज्जालासुद्धा त्यातलं गाणं पाठ झालं होतं.

"पंख लोखंडाचं हाईत म्हनतीस," आज्जा एकदा म्हणाले, "आन् ह्या उनात उडतीया? भाजत न्हाय व्हय तिला?"

"आज्जा, ती सुपरहिरो आहे."

"आसंल की. पर सावलीत बसावं तर वाटत आसंल का न्हाय?"

आज्जांनी जन्मभर होटगीला रेल्वेच्या रुळांवर काम केलं होतं. तापलेलं लोखंड काय असतं हे त्यांच्याइतकं त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

ट्रेलरच्या शेवटी एक पूल होता. मोठा, उंच, मधोमध तुटलेला. वज्रपंखी त्यावरून खाली पडते, तिचा एक पंख मोडून वाऱ्यावर उडून जातो, आणि तिथंच पडदा काळा होतो. पुढं काय होतं ते बघायचं तर थिएटरात जायला हवं. एका संध्याकाळी पप्पा चहा पीत होते, तेव्हा आरोहीनं त्यांना तो पूल दाखवला.

"खाली कुणीतरी असणार," पप्पा म्हणाले. "तिला झेलणार ते."

"कोण झेलणार? तीच सगळ्यांना झेलते."

"म्हणून काय झालं? तिला झेलायला कुणी नको व्हय?"

"नको. ती एका पंखावर उडणार. पैज!"

"पैज," पप्पा म्हणाले. "हरेल त्यानं शाळा सुरू होईपर्यंत कूलरमध्ये पाणी भरायचं. रोज दोन बादल्या."

"चालेल. पण पप्पा, दोघांनी एकदम बघायचं हं. एकानं आधी बघितलं, तर पैज फुकट."

"फुकट," पप्पांनी मान हलवली. मान हलवता हलवताच ती खाली गेली आणि हातात कप धरून ते बसल्या बसल्या झोपले. आईनं अलगद कप काढून घेतला.

पिक्चर दोन आठवड्यांनी शुक्रवारी लागणार होता. पप्पांनी ठरवलं, की गुरुवारी रात्री कामाला जायचंच नाही. बदली द्यायची. बदली म्हणजे आपल्या जागी त्या एका पाळीपुरता दुसरा माणूस. मग रात्रभर घरी झोपायचं आणि शुक्रवारी ताजंतवानं होऊन साडेबाराच्या खेळाला जायचं. आईनं मोबाईलवरून दोन तिकिटं काढूनसुद्धा ठेवली. आई येणार नव्हती. ती म्हणाली, "मला तीन तास घर मोकळं मिळालं तर मीच झोपते."

रविवारी मागांना सुट्टी असते, पण त्या रविवारी आत्याकडे होटगीला लग्न होतं. आणि त्याच्या पुढचा रविवार उजाडेपर्यंत गल्लीतल्या सगळ्या पोरांनी पिक्चर बघून, सांगून, चघळून चोथा केला असता. म्हणजे शुक्रवारच.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. आरोहीच्या गल्लीत उन्हाळ्यात ते पाचव्या दिवशी यायचं. त्या दिवशी पिंप, बादल्या, घागरी, अगदी वाट्यांपर्यंत सगळं भरून ठेवायचं आणि पुढचे दिवस त्यावर काढायचे. त्यामुळे त्या घरात कुणी वारानं किंवा तारखेनं बोलायचंच नाही. "दोन पाणी झाल्यावर आत्या येणार." "मागच्या पाण्याला मी तुझा युनिफॉर्म धुतला." "चादरी पुढच्या पाण्याला." कॅलेंडर भिंतीवर होतं, पण ते गॅस सिलेंडर कधी लावला हे लिहायला.

आरोहीनं बोटांवर मोजलं. सोमवारी पहिलं पाणी. शनिवारी दुसरं. गुरुवारी तिसरं. तिसरं पाणी भरलं, की त्या रात्री पप्पा घरी आणि दुसऱ्या दिवशी वज्रपंखी. तिला हा हिशोब इतका आवडला, की ती येता-जाता तो म्हणून बघायची.

त्यानंतर एका दुपारी गुरुसिद्धप्पा आले. हे बदलीवर काम करणारे गृहस्थ. आज या शेडमध्ये, उद्या त्या. राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, मूळचे दुधनीचे. बोलताना मराठीत मधूनच कानडी यायचं, 'काय गं'ला 'येनव्वा' आणि पप्पांना 'अप्पा'. आई शिवलेल्या टॉवेलांचा गठ्ठा पोचवायला गेली होती. आज्जा उंबऱ्यात पेंगत होते. पप्पा आत घोरत होते.

"येनव्वा आरोही," गुरुसिद्धप्पा दारातूनच म्हणाले, "अप्पा हाय का?"

"झोपलेत, काका." आरोही कुजबुजली.

"उठव की जरा. बदली पायजे म्हणाला होता, पण कंच्या रात्री ते सांगितलंच न्हाय. माझा फोन बी पाण्यात पडून बंद पडलाय. आता कळलं तर कळलं."

आरोहीनं आत बघितलं. पप्पांचा सदरा पाठीला चिकटला होता. नुकताच कुठं त्यांचा डोळा लागला होता.

"उठवायचं नाहीये," ती म्हणाली. "पण मला माहितीये. तिसऱ्या पाण्याला. रात्री आठ वाजता."

"तिसऱ्या पाण्याला?"

"हो. तिसऱ्याच."

गुरुसिद्धप्पांनी बोटं मोजली. एक, दोन, तीन. मान हलवली. "बरं. तिसऱ्या पाण्याला. अप्पाला सांग, गुरुसिद्धप्पा येतो म्हणून." आरोहीनं दिलेलं तांब्याभर पाणी त्यांनी अर्धंच प्यायलं आणि उरलेलं माठाजवळ परत ठेवलं. पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या घरातली माणसं पाणी सांडत नाहीत.

संध्याकाळी पप्पांनी विचारलं, "दिवस नीट सांगितलास ना?"

"नीट सांगितला," आरोही म्हणाली. आणि तिनं खरंच तिच्या समजुतीनं नीट सांगितला होता.

पहिलं पाणी आलं. त्या दिवशी ऊन इतकं होतं, की पिंपातलं पाणी दुपारपर्यंत अंघोळीचं झालं. दुसरं पाणी ऐन जेवणाच्या वेळी आलं. आईनं भाकरी तव्यावर टाकली होती, ती तशीच करपली. पाणी भरून झाल्यावर आईनं करपलेल्या भाकरीवर शेंगाचटणी घेतली आणि उभ्यानंच खाल्ली. बसलं तर परत उठता यायचं नाही, म्हणाली.

शेजारच्या धनलक्ष्मीनं मात्र आरोहीला छळायचं ठरवलं होतं. "माझा मामेभाऊ हैदराबादला आहे. तिथं म्हणे गुरुवारीच खेळ आहे. तो मला शेवट सांगणार आणि मी तुला सांगणार."

"सांगूनच बघ."

"पुलावरून ती पडते ना, तेव्हा..."

आरोहीनं दोन्ही कानांत बोटं घातली, डोळे घट्ट मिटले आणि "अअअअ" करत अंगणात गोल फिरत राहिली. धनलक्ष्मी हसून हसून खाली बसली. तिला तसंही काही माहीत नव्हतं. भाऊ अजून पिक्चरला गेलाच नव्हता.

आणि मग गुरुवार आला. तिसरं पाणी.

सकाळी साडेसातला नळ सूं सूं करायला लागला. आईनं पिंपात पाईप सोडला, आज्जांनी घागरी पुढं सरकवल्या आणि आरोही अंगणातल्या बादल्यांवर. आज ती दमतच नव्हती. प्रत्येक बादली भरली की ती मनात म्हणायची, आज रात्री पप्पा घरी.

आठ वाजून गेल्यावर पप्पा आले. चप्पल न काढताच पायरीवर बसले.

"काल रात्री गुरुसिद्धप्पा आला होता शेडमध्ये," ते आईला म्हणाले. "डबा घेऊन."

"काल? काल कशाला?"

"तेच तर. मला म्हणतो, जा तू घरी, आज तिसरं पाणी. मी म्हटलं, आमचं तिसरं पाणी तर उद्या. तर म्हणतो, आमच्याकडं आज सकाळीच येऊन गेलं की."

मग आज्जांना हसू फुटलं. "आरं तिच्या! ह्याचं पानी बुधवारी, तुजं गुरवारी. आन् दोघांचं बी तिसरंच पानी!" हसता हसता त्यांना खोकला आला आणि ते सवयीनं उठून गल्लीत गेले. पप्पा जागे आहेत हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

"मग आज येऊ दे त्याला," आई म्हणाली.

"आज तो दुधनीला चाललाय. पुतणीची सोयरीक आहे."

"दुसरं कोण?"

"ऐन वेळी कोण मिळतंय? मे महिना. निम्मी माणसं गावाकडं. शेठला विचारलं, तो म्हणाला चार माग बंद ठेवून मी काय करू."

"आरोही, पाणी!" आई ओरडली.

आरोहीच्या हातातल्या पाईपखालची बादली कधीच भरून वाहत होती. पाणी अंगणातून गल्लीत चाललं होतं. एरवी एवढ्या पाण्यासाठी तिला चांगला धपाटा बसला असता. पण आईनं नुसता पाईप काढून दुसऱ्या बादलीत टाकला. रागवायलाही अंगात जोर लागतो, आणि त्या सकाळी त्या घरात कुणाच्या अंगात तो नव्हता.

"मीच सांगितलं त्यांना," आरोही म्हणाली. तिचा आवाज पाण्याच्या आवाजाइतकाच बारीक झाला होता. "तिसऱ्या पाण्याला असं. मला वाटलं, सगळ्यांचं पाणी एकाच दिवशी असतं."

पप्पांनी तिच्याकडे बघितलं. भुवयांवरचे पांढरे तंतू त्यांनी हातानं पुसले.

"अगं, मी जागा असतो ना, तर मीसुद्धा त्याला तेच सांगितलं असतं," ते म्हणाले. "शब्दाला शब्द."

ते खोटं नव्हतं. त्यामुळे आरोहीला आणखीनच रडू आलं.

"मी नेते हिला उद्या," आई म्हणाली. "तुम्ही झोपा. रात्रभर उभं राहून वर पिक्चर?"

"नको," आरोही पटकन म्हणाली. आईबरोबर नको असं नव्हतं. पण पैज आईशी नव्हती.

"मीच नेणार," पप्पा म्हणाले. "सव्वाआठला येतो, अकरापर्यंत पडतो. डोळ्यांवर पाण्याचे दोन हबके मारले की झालं. आरोही, अकराला तूच उठव मला."

"मी?"

"तूच. कितीबी नाटकं केली तरी सोडायचं नाही."

शुक्रवारी पप्पा आले, अर्धी भाकरी ताकात कुस्करून खाल्ली आणि चटईवर पडले. आरोहीनं आदल्याच दिवशी इस्त्री केलेला निळा फ्रॉक घातला आणि घड्याळासमोर बसली. साडेनऊ. दहा. पप्पा एकदा उठून पाणी प्यायले, परत पडले. साडेदहापर्यंत ते नुसतेच कूस बदलत होते. पावणेअकराला त्यांचं घोरणं सुरू झालं. म्हणजे झोप खरी आत्ता लागली होती.

अकरा वाजले.

जन्मात जे करायचं नाही म्हणून शिकवलं होतं, ते आज करायचं होतं. आरोही पप्पांजवळ जाऊन बसली. "पप्पा," ती हळूच म्हणाली. कूलरच्या आवाजात ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही. मशीनवरून आई बघत होती. आरोहीनं घड्याळाकडे बघितलं. अकरा पाच. तिनं पप्पांच्या खांद्याला हात लावला.

पप्पा ताडकन उठून बसले. डोळे उघडे, पण त्यांत ओळख नाही. उजवा हात हवेत गेला, अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरायला लागली. "कंचा तुटला?" ते म्हणाले. "दोन नंबर? थांब, बांधतो."

"पप्पा, मी आहे. पिक्चर."

हात थांबला. पप्पांनी तिच्या निळ्या फ्रॉककडे बघितलं, मग घड्याळाकडे. "हां," ते म्हणाले. "हां. चल."

बारा वाजता दोघं गाडीवर निघाले. पप्पांनी डोक्याला पंचा गुंडाळला होता आणि आरोहीला आईनं ओल्या टॉवेलात बांधून टाकलं होतं. चौकापर्यंत जाईतो तो वाळला. रस्त्यावर माणूस नव्हतं. डांबर इतकं मऊ झालं होतं, की सिग्नलला पाय टेकला तर पप्पांची चप्पल चिकटली. आरोही मागून सारखी बोलत होती. पप्पांना झोप येऊ नये म्हणून. वज्रपंखीचे पंख किती किलोचे असतील, एसटीत माणसं किती असतील, असं काहीही. पप्पा "हं" म्हणायचे. प्रत्येक "हं" मागच्यापेक्षा जरा उशिरा यायचा.

आणि मग ते थिएटरच्या दारातून आत गेले.

काय गार होतं तिथं! आरोहीच्या हातावर काटा आला. खुर्च्या मऊ होत्या, अंधार होता, आणि खटक-खटक कुठंच नव्हतं. पप्पांनी पाठ टेकली आणि एक मोठा श्वास सोडला. महिना-दीड महिन्याचा साठलेला असावा, एवढा मोठा.

"आता बघ हां," ते म्हणाले. "तू हरणार."

जाहिराती झाल्या. पिक्चर सुरू झाला. वज्रपंखी छोटी असते, तिला पंख कसे मिळतात, ते सगळं पप्पांनी बघितलं. ती पहिल्यांदा उडाली तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि पप्पांनीही एक मारली. नंतर आरोहीनं वळून बघितलं तर त्यांची हनुवटी छातीवर टेकली होती. तिनं कोपरानं ढोसलं.

"बघतोय, बघतोय," पप्पा म्हणाले.

दुसऱ्यांदा ढोसलं तेव्हा ते म्हणाले, "एसटी उचलली ना?" एसटी उचलून दहा मिनिटं झाली होती.

मध्यंतरात ते स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुऊन आले. केसांतून पाणी निथळत होतं. "आता जागा आहे मी," ते म्हणाले. "पूल राहिलाय ना अजून?"

"राहिलाय."

"पूल आला की मला चिमटा काढ. जोरात काढ. पैज आहे आपली, दोघांनी एकदम बघायचं."

दिवे गेले. पप्पा अर्धा तास ताठ बसले. त्यांनी डोळे एवढे मोठे उघडे ठेवले होते, की बघून आरोहीला हसू यायचं. मग ते डोळे हळूहळू लहान होत गेले. मान एकदा डावीकडे गेली, एकदा पुढं, आणि शेवटी उजवीकडे वळून आरोहीच्या डोक्यावर येऊन टेकली.

पडद्यावर आभाळ काळं झालं. दुरून तो पूल दिसला.

आरोहीला तो चटकन ओळखू आला. तेच खांब, तोच तुटलेला मधला भाग. वज्रपंखी पुलावर उतरली. थिएटरात एकदम शांतता झाली, इतकी, की आरोहीला पप्पांचा श्वास ऐकू यायला लागला.

ते घोरत नव्हते. घरी ते घोरायचे, मध्येच दचकायचे, घामानं भिजायचे. इथं त्यांचा श्वास लांब आणि सारखा चालला होता. हात मांडीवर उताणा पडला होता, आणि अंगठा-बोट अगदी मोकळी होती. कुठलाही धागा ती बांधत नव्हती. आरोहीनं त्यांना असं झोपलेलं उभ्या उन्हाळ्यात बघितलं नव्हतं.

तिनं चिमटा काढायला हात उचलला. पप्पांनीच सांगितलं होतं, जोरात काढ म्हणून. हात त्यांच्या दंडापर्यंत गेला. दंड गार होता.

पडद्यावर पूल हादरला. मागच्या रांगेतलं कुणीतरी "गेली, गेली!" म्हणून ओरडलं. वज्रपंखीचा पाय घसरला, ती खाली यायला लागली, आणि तिचा एक पंख कडकन मोडला.

आरोहीनं हात मागं घेतला. मग, पप्पांचं डोकं हलू नये इतक्या बेतानं, तिनं दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.